बेटं ठेवून घ्यावीत का

एप्रिल आला की अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावातून बर्फ जातो, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो जात नाही, मळतो. पार्किंग लॉटच्या कडेला ढकलून ठेवलेले ढीग काळे पडतात, त्यांच्यातून हिवाळाभर हरवलेले हातमोजे आणि कॉफीचे कप वर येतात, आणि मग एखाद्या दुपारी पाऊस पडून सगळं गटारात वाहून जातं. मला हा ऋतू कधीच आवडला नाही. नागपुरात एप्रिल म्हणजे जयंती. निळ्या पताका, तापलेल्या डांबरावर मारलेल्या पाण्याचा वास, मठ्ठ्याचे ग्लास, आणि चौकातल्या स्टेजवर उगाचच माइक ठोकून पाहणारा कुणी दादा. इथल्या एप्रिलला ना रंग ना आवाज. पण गेली पाच वर्षं तो आला की एक प्रश्नही सोबत घेऊन येतो. माझ्या मुलीला तो शाळेत घातला होता. युद्ध जिंकलेल्या बलाढ्य देशानं समुद्रापलीकडची बेटं ठेवून घ्यावीत का?

यंदा तो जास्तच छळतोय, कारण मित्रा गेली. गेली म्हणजे कामाला गेली. संघमित्रा, माझी एकुलती एक लेक, बावीस वर्षांची. पाच वर्षांपूर्वी आम्ही ज्या देशात सैन्य घुसवलं आणि जिथून ते अजून निघालेलं नाही, त्या देशातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये कारकुनांना कारभार शिकवायला ती गेली आहे. ‘आम्ही’ म्हणताना जीभ अडखळते, पण मी हात वर करून नागरिकत्वाची शपथ घेतलेला माणूस आहे, तेव्हा आम्हीच. तिनं जाऊ नये म्हणून मी महिनाभर झटलो. जमलं नाही. वादात हरायची मला सवय नाही, आणि ह्या वेळी तर समोर माझेच मुद्दे उभे होते. कुणाला सांगायचं हे?

ते युद्ध सुरू झालं तेव्हा ती अकरावीत होती. टीव्हीवर दिवसभर वाळवंट दिसायचं. हिरवट उजेडातले रणगाडे, नकाशावर सरकणारे बाण, आणि एके दिवशी चौकातला एक पुतळा दोर लावून पाडताना. ऑफिसात लंचच्या वेळी सगळे त्याच स्क्रीनखाली बसून सँडविच खायचे. मीही माझा पोळी-भाजीचा डबा तिथेच उघडायचो. कुणीतरी म्हणायचं, आता तिथल्या लोकांचं भलं होईल. मी मान हलवायचो. दाढी नसलेला, सावळा, टाय लावलेला इंजिनियर त्या दिवसांत आणखी काय करणार? मान हलवणं सोपं होतं.

मित्राच्या इतिहासाच्या बाईंनी वर्गाची सिनेट केली होती. शंभर वर्षांपूर्वी स्पेनचा पराभव केल्यावर फिलिपाईन्स बेटं अमेरिकेच्या हाती आली, तेव्हा ती ठेवून घ्यायची की तिथल्या लोकांना त्यांचा देश देऊन परत यायचं, यावर खरोखरच मोठी चर्चा झाली होती. तीच मुलांनी पुन्हा करायची, शेवटी मतदान करायचं, आणि ते बघायला आईवडिलांना बोलवायचं. कोण कुठल्या बाजूला हे बाईंनी टोपीत चिठ्ठ्या टाकून ठरवलं. मित्राला आलं, ‘ठेवून घ्यावीत.’ शेजारच्या जोसीला आलं, ‘बेटांचा प्रतिनिधी.’ ह्या प्रतिनिधीनं दोन मिनिटं बोलायचं आणि मत मात्र द्यायचं नाही. जोसी आणि मित्रा तिसरीपासूनच्या मैत्रिणी. जोसीची आई लोर्ना, मनिलाजवळच्या कुठल्याशा गावची, इथल्या इस्पितळात नर्स. मित्रा तिला ‘टिटा लोर्ना’ म्हणायची. टिटा म्हणजे त्यांच्याकडची मावशी. माझ्या बायकोचं, सुनंदाचं, ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस मित्रा जेवली-झोपली ती टिटाकडेच.

“बाबा, आय गॉट द बॅड साइड,” मित्रानं दप्तर टाकता टाकता सांगितलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

आणि मी? मी खुलून गेलो. हेच मला आज आठवतं आणि माझी मलाच शरम वाटते. मी म्हणालो, “बॅड साइड असं काही नसतं बेटा. चिठ्ठीत आली ती आपली बाजू. बस इथे, दाखवतो तुला.”

हे आमचं जुनं दुखणं. वादविवाद स्पर्धा ही चीज ज्यांनी आपल्याकडच्या कॉलेजांत भोगली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. विषय महिनाभर आधी कळतो, बाजू ऐन वेळी चिठ्ठीवर. ‘बाजूने’ आली तर बाजूने, ‘विरोधात’ आली तर विरोधात, आणि दोन्हीकडून तितक्याच तळमळीनं बोलतो तो खरा वक्ता. मी खरा वक्ता होतो. जयंतीच्या स्टेजवर सातव्या वर्षी भाषण ठोकून सुरुवात केली आणि कॉलेज संपेपर्यंत घरातल्या एकुलत्या एक कपाटावर ढाली मावेनाशा झाल्या. आई त्यांच्यामागे लोणच्याची बरणी लपवायची. अमेरिकेत येऊन मी गाड्यांचे ब्रेक डिझाइन करायला लागलो, आणि माझ्या त्या कलेला कुणी विचारीना. वीस वर्षांनी पोरीच्या रूपानं एक शिष्य घरी चालून आला होता.

दोन आठवडे किचन टेबलवर आमची शाळा भरली. पोह्यांची ताटली बाजूला सारून मी तिला मुद्दे लिहून दिले. आपण सोडलं तर दुसरा कुणीतरी घेईलच, जर्मनांची जहाजं समुद्रात टपून बसलेली आहेत. तिथे पन्नास भाषा, शंभर टोळ्या, आपण निघालो की एकमेकांचे गळे धरतील. आपण शाळा काढू, दवाखाने काढू, रस्ते बांधू. आणि कायमचं कुठे राहायचं आहे? ते तयार होईपर्यंतच.

“ते तयार झाले हे कोण डिसाइड करणार?” मित्रानं विचारलं.

“आपण. पण ते बोलायचं नाही.”

ती हसली. मीही हसलो. मग मी तिला सगळ्यांत मोठी गोष्ट शिकवली, आवाजाची. म्हणालो, “चिडून बोलायचं नाही. ते रानटी आहेत, मागास आहेत, असं एकदाही म्हणायचं नाही. त्यांच्याबद्दल मायेनं बोलायचं. लहान भावाबद्दल बोलतो तसं. ‘तुम्ही अजून तयार नाही’ हे वाक्य जितकं प्रेमानं म्हणशील तितकं त्याला उत्तर नसतं.” आणि वर ठेवणीतला मुद्दा दिला. “तू म्हण, माझ्या आजोबांचा देशही परक्यांच्या राज्यात होता. आम्हाला त्यातून काय मिळालं ते मला ठाऊक आहे. आपल्यातलाच माणूस असं म्हणाला की समोरच्याची बोलतीच बंद होते.”

सुनंदा ओट्याशी कणीक मळत होती. तिचं माहेर वर्ध्याचं, आणि रागावली की चाळीस वर्षं आणि दोन देश बाजूला ठेवून तिचं वर्धा वर येतं. “काहून शिकवता जी तिले हे? तुम्हाले म्हाईत नाही का हे कोण कोणाले म्हणते ते?”

“अगं, असाइनमेंट आहे. खेळ आहे,” मी म्हणालो.

“खेळ तं खेळ. माह्याजवळ नका खेळू.” तिनं कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि वर निघून गेली. मला ती उगाच भावनाप्रधान वाटली.

हे कोण कोणाला म्हणतं, ते मला माहीत होतंच. म्हणून तर इतकं छान शिकवता आलं. माझे वडील, ज्यांना आम्ही बाबूजी म्हणायचो, एका सरकारी कचेरीत कारकून होते. हेडक्लार्कची खात्याची परीक्षा ते पहिल्याच फटक्यात पास झाले आणि मग अकरा वर्षं त्यांना ती जागा मिळाली नाही. दर वर्षी साहेब त्यांना केबिनमध्ये बोलवायचे, बसायला सांगायचे आणि फार आपुलकीनं म्हणायचे, “तुम्ही अजून तयार नाही हो. मनाला लावून घेऊ नका. थोडं थांबा.” बाबूजींच्या डोक्यावरून जे चढत गेले ते फाइलवर टिपणी कशी लिहायची हे विचारायला बाबूजींच्याच टेबलाशी यायचे. बाबूजी त्यांना लिहून द्यायचे. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि त्या अक्षरात लिहिलेल्या टिपण्यांखाली सह्या दुसऱ्यांच्या असायच्या.

मित्राला मी ह्यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. तिला बुद्ध माहीत होता, जयंतीला हॉल भाड्यानं घेऊन खीर वाटतात ते माहीत होतं, पण आपण कोण, आपल्याला काय काय म्हटलं गेलं, ते मी तिच्यापासून लांब ठेवलं. पोरीच्या डोक्यावर कशाला ते ओझं, असं वाटायचं. इथे आलेल्या बाकीच्या मराठी लोकांत आडनावावरून जी चाचपणी व्हायची तीही तिला कळू दिली नाही. तिला स्वच्छ पाटी द्यायची होती मला. त्या स्वच्छ पाटीवर मग मीच हे लिहिलं.

आणि हे पहिल्यांदा केलं असंही नाही. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा विषय होता, ‘राखीव जागा बंद व्हाव्यात.’ माझी चिठ्ठी निघाली ‘बाजूने’. मित्र म्हणाले, नाव काढून घे. मी म्हटलं, छे, उलट आता तर मजा. बाबूजी अर्धी रजा टाकून मागच्या रांगेत येऊन बसले होते. मी स्टेजवर जाऊन म्हणालो, ज्याला ह्या कुबड्या मिळाल्या तोच मी सांगतो आहे, काढून घ्या त्या, आम्ही अजून तयार नसू तर तयार होईपर्यंत थांबू. सभागृह उठून उभं राहिलं. परीक्षकांपैकी एक गृहस्थ डोळे पुसत होते. मोठी ढाल मिळाली. बाबूजी बाहेर सायकल धरून उभे होते. ढाल त्यांनी कॅरिअरला दोरीनं नीट बांधली, आणि घरापर्यंत आम्ही चालत आलो. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, “आवाज चांगला लागला तुझा.” मला ती शाबासकीच वाटली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, म्हणून मी स्वतःला माफ करत आलो. किचन टेबलवर बसलेला मी पंचेचाळीसचा होतो.

सिनेटच्या दिवशी वर्गात मागच्या भिंतीला टेकून आम्ही आईबाप उभे होतो. खिडकीबाहेर तोच मळका बर्फ. लोर्ना ड्युटीवरून थेट आली होती, अंगावर फुलाफुलांचा नर्सचा सदरा. विरोधी बाजूचा एक उंच मुलगा कळवळून बोलला, की ज्या लोकांनी स्वतःच स्पेनशी लढून स्वतःचा झेंडा उभारलाय त्यांना आपण काय स्वातंत्र्य देणार! मग मित्रा उठली. एकाही कागदाकडे न बघता बोलली. आवाज खालचा, हात शांत, योग्य जागी थांबणं. माझ्या आजोबांचा देश, म्हणाली, आणि वर्ग चिडीचूप. ‘तयार होईपर्यंत’ म्हणताना तिनं जोसीकडे पाहिलं, खरंखुरं, मायेनं. मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, माझे डोळे ओले झाले.

नंतर जोसी उठली. तिनं चार वाक्यं लिहून आणली होती. दुसऱ्या वाक्यावर ती थांबली आणि मित्राकडे बघत राहिली. दोन मिनिटांपैकी दीड मिनिट तशीच उभी. मग बाईंनी हळूच थँक यू म्हटलं आणि ती खाली बसली. मतदान झालं. बेटं ठेवून घ्यायचं ठरलं. इतिहासातही तेच झालं होतं, म्हणाल्या बाई, अगदी थोड्या मतांनी, आणि त्यानंतर तिथे काही वर्षं लढाई चालली, ती आपण सोमवारी बघू. सोमवारी ते पुस्तकातल्या एका परिच्छेदात बघून झालं.

कॉरिडॉरमध्ये मी लोर्नाला गाठलं. काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, मुलांचा खेळ आहे, मनावर घेऊ नको. तोंडातून शब्द बाहेर पडल्यावर मला माझाच आवाज ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते लक्षात आलं नाही.

लोर्ना चिडलेली नव्हती. “शी वॉज व्हेरी गुड,” ती म्हणाली. “आम्हालाही शाळेत हेच होतं. अगदी हेच, सेम वर्ड्स. नन्स शिकवायच्या, इंग्लिशमधून. मला पैकीच्या पैकी मार्क पडायचे.” मग तिनं सदऱ्याच्या खिशात हात घातले. “माझ्या आजीचा बाप त्या लढाईत डोंगरात मेला. कुठे, ते कुणाला ठाऊक नाही. जोसीला मी काल ते सांगणार होते. म्हटलं, नको, लहान आहे.”

ती आणि मी एकाच जातीचे आईबाप निघालो. फरक एवढाच की तिची पोर गप्प झाली आणि माझी जिंकली. त्यानंतर भांडण वगैरे काही झालं नाही. टिटा लोर्ना दिसली की हात करायची. जोसी बसमध्ये दुसऱ्या सीटवर बसायला लागली, आणि उन्हाळ्यात ती मंडळी लोर्नाच्या भावाकडे कॅलिफोर्नियाला राहायला गेली. मित्रानं दोनदा ईमेल केली. उत्तर आलं नाही तेव्हा ती मला म्हणाली, “बाबा, शी टेक्स थिंग्ज सो पर्सनली.” मी तिला त्या वेळीच समोर बसवायला हवं होतं. मी विषय बदलला.

विजयी देशानं बेटं ठेवून घ्यावीत का, ह्याचं उत्तर शोधायला मी नंतर लायब्ररीतून पुष्कळ वाचलं. ठेवू नयेत म्हणणारेही काही संत नव्हते. त्यांच्यातल्या कित्येकांना भीती होती ती एवढीच, की हे सावळे लोक उद्या आपले नागरिक होतील. म्हणजे एका बाजूला माया आणि दुसऱ्या बाजूला किळस, आणि दोघांच्या मधोमध तो देश, ज्याला कुणी काही विचारलं नाही. वाचून माझ्या पदरात काही पडलं नाही. पुस्तकं परत केली.

तर ही मुलगी. कॉलेजात तिनं राज्यशास्त्र घेतलं, गरिबांच्या शाळेत शिकवायला गेली, वादळानं बुडालेल्या शहरात चिखल उपसायला गेली. मनानं सोनं आहे. म्हणून तर जास्त भीती वाटते. दुष्ट मुलगी असती तर मी समजावलं असतं. तिनं ह्या नोकरीचं पत्र दाखवलं तेव्हा सुनंदा उठून कपडे वाळवायला गेली. मी महिनाभर वाद घातला. तिथे जीव धोक्यात आहे, म्हणालो. ती म्हणाली, तिथल्या लोकांचा तर रोजच असतो. आपण तिथे गेलोच का, म्हणालो. ती म्हणाली, ते चुकलंच, पण आता सोडून आलो तर ते एकमेकांचे गळे धरतील. मग राहणार किती दिवस? “अनटिल दे आर रेडी, बाबा.” ती खालच्या आवाजात बोलली, मायेनं, अगदी योग्य जागी थांबून.

मला दिसत होतं ते वेगळंच. कुठल्याशा तापलेल्या शहरातली पंख्याची कचेरी, टेबलामागे तीस वर्षं फायली लिहिलेला एक पिकल्या मिशांचा कारकून, आणि समोर माझी बावीस वर्षांची पोर त्याला आपुलकीनं सांगते आहे, काका, मनाला लावून घेऊ नका. तो ऐकून घेईल. त्याला दुसरं काय करता येणार आहे?

गेल्या शनिवारी विमानतळावर जाताना गाडीत मी तिला शेवटी बाबूजींची गोष्ट सांगितली. सगळी. परीक्षा, केबिन, अकरा वर्षं, दुसऱ्यांच्या सह्या. आपण कोण ते सांगितलं, त्या ढालीचंही सांगितलं. आणि हेही सांगितलं की शेवटी एका सोमवारी बाबूजी आणि त्यांच्यासारखेच चौघे साहेबांच्या केबिनसमोरच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसले, सहा दिवस उठले नाहीत, आणि रिटायर व्हायला नऊ महिने उरले असताना बढतीची ऑर्डर निघाली. ती खिडकीकडे तोंड करून ऐकत होती. मागच्या सीटवर सुनंदा हुंदका दाबत होती. मला वाटलं, कळलं हिला. उशिरा का होईना, कळलं. गाडी परत फिरवायची वेळ आली तर कुठल्या एक्झिटनं घ्यायची, हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं.

टर्मिनलसमोर गाडी लावली तेव्हा तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. नाक लाल झालं होतं, गाल ओले. एरवी इंग्लिशमध्येच उत्तर देणारी ही पोर मराठीत बोलली, एकेक शब्द जुळवत, मला नीट कळावं म्हणून.

“बाबा, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं? म्हणूनच तर मी जाते आहे. आजोबांच्या ऑफिसमध्ये पण कुणीतरी बाहेरून यायला पाहिजे होतं.”

मागे हॉर्न वाजत होते. पोलीस हातानं पुढे व्हा, पुढे व्हा म्हणत होता. कुणी आलं नाही म्हणून तर ते व्हरांड्यात बसले गं, एवढंच म्हणायचं होतं मला. मी खाली उतरलो, डिकी उघडली आणि तिच्या दोन्ही बॅगा काढून तिच्या हातात दिल्या.